पडवीवरचा वेल

दुधी म्हटलं की निम्मं जग नाक मुरडतं. मुरडू दे बापडं. पण मार्च लागला की पारा चव्वेचाळिसावर जाऊन बसतो, वांग्याची फुलं गळतात, टोमॅटो झाडावरच भाजून निघतो आणि बाजारात हिरवी भाजी औषधालासुद्धा मिळत नाही. अशा दिवसांत एखाद्या पडवीवर हिरवागार वेल चढलाय आणि त्याला हातभर दुधी लोंबतायत, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय तो नाक मुरडणार नाही. माण तालुक्यातल्या करंजवाडीनं ते पाहिलं होतं, आणि ही किमया केली होती शर्वरी भोईटेनं.

शर्वरी गावातल्या खुल्या बियाणे केंद्राची प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर ती स्वतः, जमीर मुलाणी नावाचे पन्नाशीचे तंत्रज्ञ आणि तीन एकर रान, संपलं केंद्र. नवरा रणजित मालवाहू बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात ती आणि सासू, दोघीच. सासूचं नाव शालनबाई. शर्वरी तिला आत्या म्हणायची, आणि दोघींचं इतकं जमायचं की शेजारणींना त्यात काही मजाच वाटत नसे.

दुधीचं दुखणं तसं साधं. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात. नर वेगळी, मादी वेगळी, पण एकाच वेलावर. नराचा पराग मादीवर पडला तरच फळ धरतं. ऊन फार झालं की हा पराग मरतो. मग वेल फुलांनी लगडतो आणि फळ एक लागत नाही. भीमेकाठच्या रेताड रानात मात्र एक भोपळा उन्हाला भीक घालत नव्हता. तो तंबोऱ्याचा भोपळा, मिरजेचे कारागीर ज्याचे तंबोरे करतात तो. पण तो विषासारखा कडू. विषासारखा म्हणजे नुसतं बोलायला नव्हे; पेलाभर रस पोटात गेला तर माणूस रक्त ओकतो.

शर्वरीनं या दोघांचं लग्न लावलं. अडचण अशी की उन्हात टिकायचा गुण आणि कडूपणा, या दोघांची जनुकं एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी शेजारी. एकाला बोलवावं तर दुसरा पाठोपाठ येणार. हजारो बियांत एखादीतच त्यांची ताटातूट होते. ती एक बी शोधायची कशी? पूर्वी प्रत्येक बी पेरा, वाढवा, फळ चाखा, यात माणसाचं आयुष्य जायचं. आता यंत्र आलं होतं, जेवणाच्या डब्याएवढं. ताटलीत शंभर बिया ठेवल्या की ते प्रत्येकीचा केसभर तुकडा खरवडून घेई. बी मरत नसे, आणि पंधरा मिनिटांत सगळं वाचून सांगे की आई कोण, बाप कोण, अंगात गुण काय, खोड काय. कागदावर त्याचं नाव बीजवाचक. गावात त्याला पत्रिका म्हणत. अकरा हजार बियांची पत्रिका काढल्यावर शर्वरीला हवी ती एक बी सापडली.

तरी शेवटचा शब्द यंत्राचा नव्हता. शेवटचा शब्द होता शालनबाईच्या जिभेचा. त्या एका बीच्या वंशातल्या चारशे वेलांचं एकेक कोवळं फळ घ्यायचं, देठाकडची चकती कापायची आणि चाखायची, हे काम तिनं चार वर्षं केलं. कडू लागलं की "थू!" करून लाल दोरा, गोड लागलं की पांढरा. तिच्या जिभेला यंत्रही कधी खोटं पाडू शकलं नाही. म्हणून जात तयार झाल्यावर शर्वरीनं तिला नाव दिलं शालन. शालनबाई आठ दिवस लाजून बोलत नव्हती. "शोभतं का गं हे? लोक म्हनतील, शालन चिरली, शालन शिजवली!"

खुलं बियाणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. कंपनीचं बी दरसाल कंपनीकडूनच घ्यावं लागतं, आणि त्यातून नवी जात काढली तर कोर्टाची पायरी. खुल्या बियाण्याच्या पाकिटावर शर्वरीनं स्वतः लिहिलेलं एकच वाक्य छापलेलं असे. हे बी घ्या, पेरा, खा, वाटा, यातून नवी जात काढा, फक्त पुढच्या माणसाला अडवू नका. आणि काढलेली प्रत्येक पत्रिका आपोआप एका सार्वजनिक नोंदवहीत जाई. ती खुली वही. तिच्यातलं काही कुणालाही खोडता येत नसे, अगदी शर्वरीलाही. उद्या एखाद्यानं लबाडी करून बी आपल्या नावावर करू नये म्हणून हा नियमही तिनंच आग्रहानं करून घेतला होता. त्याच वहीत दोष सापडल्याची लाल नोंद पडली की ती जात लावतो म्हणून नाव नोंदवलेल्या प्रत्येकाच्या फोनवर घंटा वाजे, आणि माणूस उचलेपर्यंत थांबत नसे.

घराच्या पडवीवर शालनबाईनं आपला स्वतःचा एक वेल चढवला होता. एक दिवस ती रुसून बसली. "तुझ्या रानातल्या समद्या वेलांना नंबर हाय. माझ्याच वेलानं काय घोडं मारलंय?" शर्वरी हसली, त्या वेलाचं पान तोडून केंद्रात नेलं, पत्रिका काढली आणि खुल्या वहीत नोंद करून टाकली, शा-भो-१, शालन भोईटे यांच्या पडवीवरचा वेल. शालनबाईनं तो नंबर कोळशानं भिंतीवर लिहून ठेवला. शर्वरीनं इतक्या मायेनं दुसरी कुठली नोंद केली नसेल.

---

त्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट मोठी होती. करंजवाडीनं ग्रामसभेत ठराव केला होता की इथून पुढं विधवा-सवाष्ण हा भेद नाही, हळदीकुंकू सगळ्याजणींचं. शालनबाईचा नवरा जाऊन बावीस वर्षं झाली होती. बावीस संक्रांती ती दार लोटून आत बसली होती. या खेपेला तिची जिवाभावाची मैत्रीण तारामती स्वतः आली, भर अंगणात तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "शाले, आता तू बोलाव आमाला. बघू काय लुटतीस ती." संक्रांतीला बायका एकमेकींना काहीबाही वस्तू देतात, त्याला वाण म्हणतात, हे काय सांगायला नको. कुणी वाट्या देतं, कुणी चाळण्या.

शर्वरीला त्या आठवड्यात बंगळुरूला सभेला जायचं होतं. निघताना ती म्हणाली, "आत्या, वाण म्हणून आपलंच बी द्या ना. केंद्रात कपाटात पाकिटं आहेत, जमीरभाईंकडून घ्या."

"व्हय व्हय, तू जा," शालनबाई म्हणाली.

पण बावीस वर्षांनी पहिल्यांदा कुणाला काही द्यायचं, आणि ते सरकारी पाकीट द्यायचं? शालनबाईला ते बरं वाटलं नाही. पडवीवर दोन मोठे भोपळे तिनं बियांसाठी राखले होते, चांगले खुळखुळेपर्यंत वाळवले होते. त्याच वेलाचे कोवळे दुधी घरानं पावसाळाभर खाल्ले होते, साखरेसारखे. तिनं ते दोन्ही फोडले, एकसारख्या टपोऱ्या बिया निवडल्या, जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पुड्या केल्या. एकेका पुडीत दहा बिया. ऐंशी बायका आल्या. प्रत्येकीच्या ओटीत तिनं आपल्या हातानं पुडी घातली आणि वर बजावलं, "खावा, लावा, अन् दोघींना द्या." त्या दिवशी शालनबाई रडली, आणि तिच्याबरोबर निम्म्या बायका रडल्या.

शर्वरी परत आली तेव्हा सगळं पार पडलं होतं. बी दिलं एवढं तिनं ऐकलं. पाकिटं दिली असतील, असं ती धरून चालली.

---

पाडवा होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी अकराच्या सुमाराला शाळेच्या सोनवणेबाई केंद्रात आल्या. हातात एक दुधी.

"मॅडम, हा बघा बाई. कारलं परवडलं."

शर्वरीनं चकती कापून जिभेवर ठेवली आणि धावत जाऊन मोरीत थुंकली. चूळ भरली तरी घसा जळत होता. असा कडूपणा तिनं एकाच भोपळ्यात चाखला होता. केंद्राच्या मागच्या बाजूला, घरापासून हाकेच्या अंतरावर, सात वेल होते तंबोऱ्याच्या भोपळ्याचे, पुढच्या संकरासाठी राखलेले.

"बी कुठलं हो?"

"शालनकाकींनी संक्रांतीला दिलेलं. उरलेल्या बिया आणल्यात." बाईंनी पर्समधून पुडी काढली. कॅलेंडरच्या पानाची पुडी. आत तीन बिया.

शर्वरीनं पुडी उलटीपालटी करून पाहिली. केंद्राची पाकिटं पांढरी असत, शिक्का मारलेली.

सोनवणेबाई गेल्यावर जमीरभाईंनी तीन बिया ताटलीत ठेवल्या, झाकण लावलं. "मॅडम, काढू पत्रिका?"

एक बटण दाबायचं होतं. दाबलं की पंधरा मिनिटांत यंत्र सांगणार होतं, बाप कोण, आई कोण. आणि आईच्या जागी शा-भो-१ असं येणार, शालन भोईटे यांच्या पडवीवरचा वेल. खुल्या वहीत, कायमचं, साऱ्या जगाला दिसेल असं. बावीस वर्षांनी कपाळाला कुंकू लागलेली ती बाई. शर्वरीच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा तो कोळशाचा नंबर आला.

"उद्या काढू," ती म्हणाली.

जमीरभाई तिच्याकडं बघत राहिले. त्यांना काय कळत नव्हतं थोडंच. "मॅडम, लाल नोंद पडली की घंटा जाते सगळ्यांना..."

"मी गावाच्या ग्रुपवर टाकते ना. दुधी कडू लागला तर खाऊ नका. तेवढ्यानं भागेल आजच्यापुरतं. आधी मला आत्यांशी बोलू दे. वहीतून कळायच्या आधी त्यांना माझ्याकडून कळायला हवं."

निरोप तिनं टाकला. पण त्या दिवशी ग्रुपवर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस होता, आणि केकच्या फोटोंखाली तो पार गाडला गेला. घरी गेल्यावर शालनबाईनं पुढ्यात ताट ठेवलं, आपल्या वेलाला किती कळ्या आल्यात ते मोजून सांगितलं, आणि शर्वरीला तोंड उघडवलं नाही. सकाळी बोलू, असं तिनं मनाशी म्हटलं. मनाला काय, ते कशालाही हो म्हणतं.

---

सकाळी नऊला तारामतीची सून दीपाली धापा टाकत आली. "वैनी, आमच्या आत्याबाई रक्त ओकत्यात!"

तारामतीला साखरेचा त्रास होता. रोज सकाळी अनशापोटी पेलाभर दुधीचा रस, हा तिचा नेम. आजचा रस कडूजहर लागला. सुनेनं विचारलंही, "टाकून देऊ का?" तर ती म्हणाली, "कडू म्हंजी गुणाचंच आसंल गं. पाडव्याला लिंब खातुयाच की." आणि डोळे मिटून पेला रिकामा केला. आपल्याकडं कडू म्हटलं की माणूस त्याला औषध समजतो.

तिला जीपमध्ये घालून साताऱ्याला नेलं. शालनबाई मागच्या सीटवर, मैत्रिणीचं डोकं मांडीवर घेऊन. जाता जाता ती म्हणत होती, "काय खाल्लंस गं तारे, काय खाल्लंस?" शर्वरीनं ते ऐकलं. मग ती केंद्रात गेली आणि न बसताच बटण दाबलं.

पंधरा मिनिटांनी पडद्यावर उमटलं. तीन बियांपैकी एक निर्मळ. दोघींचा बाप तंबोऱ्याचा भोपळा, मागच्या रांगेतला वेल क्रमांक चार. तिघींची आई शा-भो-१. खाली वेळही उमटली होती. बिया ताटलीत ठेवल्याची वेळ काल अकरा वाजून वीस, वाचल्याची वेळ आज नऊ चाळीस. तीही खोडता येत नव्हती. गावभर फोनच्या घंटा वाजायला लागल्या. तारामतीच्या रिकाम्या घरातही वाजत होती. उचलणारं कुणी नव्हतं, त्यामुळं बराच वेळ वाजली.

तिसऱ्या दिवशी तारामती गेली.

---

"पन मी चाखला व्हता," शालनबाई म्हणत होती. दहावा झाला होता. ती पडवीत बसली होती, आणि हे वाक्य ती दहा दिवस म्हणत होती. "त्याच येलाचा दुधी आपन समद्यांनी खाल्ला. तू खाल्लास, जमीरनं खाल्ला. ग्वाड व्हता का न्हाई?"

"गोड होता आत्या." शर्वरी तिच्यासमोर जमिनीवर बसली. "तुमची जीभ चुकली नाही. फळाचा गर वेलाचा असतो, म्हणजे आईचा. पराग कुणाचाही पडू दे, गराची चव बदलत नाही. बाप फक्त बीमध्ये उतरतो. ती बी पेरली, तिचा वेल झाला, त्याला फळ आलं, की मग बापाची चव लागते. संध्याकाळी पतंग फुलांवर फिरतात ना, ते मागच्या रांगेतून आपल्या पडवीवर आले."

"म्हंजी जिभंला आई कळती. बाप कळत न्हाई."

"नाही कळत."

"मग तू फुलांना त्या कागदाच्या पिशव्या बांधतीस, त्या ह्यासाठी?"

"हो."

"मला वाटायचं, दिष्ट लागू नै म्हनून बांधतीस."

शर्वरीला हुंदका आवरला नाही. चार वर्षं ही बाई तिच्याबरोबर रानात उभी होती, चारशे वेल चाखले होते, आणि पिशवी कशासाठी बांधायची हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. शर्वरीनं देशभर व्याख्यानं दिली होती. घरातल्या घरात मात्र तिनं सगळं गृहीत धरलं होतं.

"एक दिवस आधी मला कळलं होतं," ती म्हणाली. "मी बटण दाबलं नाही. तुमचं नाव येईल म्हणून."

शालनबाईनं तिच्याकडं पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठली, विळा घेतला आणि पडवीवरचा वेल बुडातून कापला.

दुसऱ्या दिवसापासून दोघी स्कूटरवरून घरोघर फिरायला लागल्या. ऐंशी बायका, आठशे बिया. शालनबाई दारात उभी राहायची, पदर पसरायची. "बाई, मी दिलेल्या बिया उरल्या आसल्या तर परत दे."

आणि इथंच सगळं अडलं. बायका वाईट नव्हत्या. कुणी तिला घालूनपाडून बोललं नाही. दीपालीनंसुद्धा पाणी दिलं, बस म्हणाली. पण वाण परत? संक्रांतीला ओटीत पडलेली वस्तू दाराबाहेर काढून पुन्हा देणारीच्या पदरात घालायची? "काकी, असलं नका मागू. परत करत नसत्यात. आमी नाही पेरत, झालं?" एकीनं तर कानांना हात लावले. काहीजणींनी खरंच बिया चुलीत घातल्या. काहीजणींनी घातल्या असं सांगितलं. आणि बहुतेकींच्या बिया केव्हाच संपल्या होत्या, कारण त्यांनी सांगितल्याप्रमाणं दोघींना दिल्या होत्या. लेकीला फलटणला, बहिणीला जतला, विहिणीला सोलापुरात. त्या दोघींनी आणखी दोघींना. "तुमीच म्हनला व्हता ना?"

कडू वेल तरी उपटा, असं शर्वरी सांगायची. बायका उपटायच्या. पण कडू आहे हे फळ आल्यावर कळणार, आणि फळ यायच्या आधी महिनाभर वेल नर फुलं फुलवत असतो. रोज संध्याकाळी पतंग यायचे, पराग घेऊन शेजारच्या निर्मळ वेलावर जायचे. त्या निर्मळ वेलाचं फळ गोडच लागायचं. बी त्याचंच धरलं जायचं. वेल उपटेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असे.

शर्वरीनं संगणकावर मांडून पाहिलं. सगळ्यांनी प्रामाणिकपणे कडू वेल उपटले तर पुढच्या वर्षी किती, त्याच्या पुढच्या वर्षी किती. आकडा खाली यायचा, अडखळायचा, पुन्हा थोडा चढायचा. तीस वर्षं पुढं नेलं. शून्य कधीच येत नव्हतं. पेरायच्या आधी प्रत्येक बीची पत्रिका काढली तर येत होतं. पण यंत्र तालुक्याला एक, आणि बी आता कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. विकलेलं असतं तर घेणाऱ्याची यादी असती. हे हातातून हातात गेलं होतं, हौसेनं, सणाला.

"बंद करून टाका की ती जात," तालुक्याहून आलेले एक साहेब म्हणाले.

"कशी करू?" शर्वरीनं विचारलं. "माझी आहे कुठं?"

साहेबांना ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. शिवाय लोक सोडायलाही तयार नव्हते. चव्वेचाळीस डिग्रीत दुसरी भाजी येत नव्हती. एखादा वेल कडू निघतो, बाकीचे पाच तर पोट भरतात, म्हणून काय पाचही उपटायचे?

आषाढात एकदा भाकरी थापता थापता शालनबाई म्हणाली, "शर्वरी, येक काम कर. माझं नाव तेवढं काढ त्या जातीवरनं. दुसरं कायबी ठेव."

"निघत नाही आत्या. वहीतलं नाव बदलता येत नाही. नियमच तसा आहे."

"कुनी केला नियम?"

"मीच."

शालनबाईनं मान हलवली आणि भाकरी उलटली. त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. पण कुणी दुधीची भाजी वाढली की ती ताट सरकवून उठायची. गोड असला तरी.

---

पुढची संक्रांत आली. शालनबाईला कुणी बोलावलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही, पण तिला बघितलं की बायकांना तारामती आठवायची, आणि सणाच्या दिवशी कशाला, असं प्रत्येकीला वाटलं असावं. ठराव जागच्या जागी होता. शालनबाई आपणहून दार लोटून आत बसली, जशी बावीस वर्षं बसत होती. शर्वरीला ते बघवेना.

शर्वरीची कॉलेजातली मैत्रीण वैदेही साताऱ्यात राहायची. तिच्या सोसायटीत मोठं हळदीकुंकू होतं. "तू आलीच पाहिजेस," तिनं धोशा लावला. शर्वरी दुपारी गेली, तिळाचा लाडू खाल्ला, कुणाशी फारसं न बोलता निघाली. निघताना वैदेहीच्या मुलीनं तिच्या हातात एक रंगीत पाकीट ठेवलं. ते तिनं न बघता पिशवीत टाकलं.

घरी आली तेव्हा ऊन कललं होतं. शालनबाई पडवीत बसली होती. वर मांडवाच्या रिकाम्या तारा, भिंतीवर पुसट झालेला कोळशाचा नंबर.

"काय लुटलं गं मैत्रिनीनं?" तिनं विचारलं. कितीही झालं तरी सण होता, आणि तिला विचारावंसं वाटलं.

शर्वरीनं पाकीट काढलं, नजर टाकली आणि ते पुन्हा पिशवीत सारणार तेवढ्यात शालनबाईनं हात पुढं केला. द्यावंच लागलं. पाकिटावर वेलबुट्टी काढलेली होती आणि शाळकरी मुलीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. शालनबाई बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचायला लागली. रानातल्या चिठ्ठ्या लिहिता याव्यात म्हणून उतारवयात ती वाचायला शिकली होती.

"शा-लन. उन्-हा-ळी दु-धी. हे बी घ्या, पे-रा, खा, वाटा..." पुढचं तिनं वाचलं नाही. पुढचं तिला पाठ होतं.

शर्वरीनं तिथंच उभ्या उभ्या वैदेहीला फोन लावला. "वैदेही, ते बी कुठून आणलंस तू?"

"आवडलं ना?" पलीकडं अजून बायकांचा गलका चालू होता. "तुझंच बी तुला! म्हटलं, गंमत करू. माझ्या जावेनं दिलं, तिला सोलापुरात कुणी दिलं होतं."

"अगं, तुला माहीत नाही का? ते कडू..."

"ते तुमच्या गावातलं ना? ऐकलं मी. वाईट झालं गं. पण हे सोलापूरचं आहे, आम्ही वर्षभर खाल्लंय, काय गोड दुधी! त्याच फळाचं बी धरलंय."

"फळ गोड असून उपयोग नसतो वैदेही. किती दिलीस?"

"साठ पुड्या केल्या. सगळ्या संपल्या बघ. दोघी तर आत्ताच नागपूरच्या गाडीला गेल्या. आणि तुमची अट पाळली हं, कुणाला म्हणून अडवलं नाही. हॅलो? ऐकू येतंय का? शर्वरी?"

शर्वरी ऐकत होती. तिला बोलायचं होतं, नावं मागायची होती, फोन नंबर मागायचे होते. साठजणी, त्यांच्या दोघी, त्या दोघींच्या दोघी. कुठून सुरुवात करायची तेच तिला सुचेना, आणि फोन कानाशी धरून ती नुसती उभी राहिली.

शालनबाईनं पाकीट फोडलं होतं. बिया तळहातावर ओतून ती उन्हाकडं धरून बघत होती, एकेक उलटीपालटी करून. टपोऱ्या, एकसारख्या, कुणीतरी मन लावून निवडलेल्या.

"ह्यातली कुठली गं?" तिनं विचारलं.

"बघून नाही कळत आत्या."

शालनबाईनं मान डोलावली. मग बोटानं सरकवत तिनं त्या मोजल्या, एकदा, आणि पुन्हा एकदा.

"धा हायत," ती म्हणाली. "मी बी धाच दिल्या व्हत्या."